मूळची गाडी कोणती?

‘१९५७ ची शेवरोले बेल एअर, कन्व्हर्टिबल. पूर्ण रिस्टोअर केलेली. इंजिन ओरिजिनल. विकणे आहे.’ समजा, अशी जाहिरात नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत कुणाच्या हाती पडली. पहिला प्रश्न किमतीचा येईल, दुसरा ॲव्हरेजचा. तिसरा येईल तो मराठवाड्याच्या मे महिन्याचा: बेचाळीस अंशांच्या उन्हात टप उघडून फिरणार कोण? चौकातल्या कट्ट्यावर बोलणे बहुधा इथेच संपेल. पण जाहिरातीत एक चौथा प्रश्न दबा धरून बसला आहे, आणि त्यावर या देशातल्या शास्त्र्यांनी, भिक्खूंनी आणि नैयायिकांनी दोन हजार वर्षे डोके खपवले आहे. गाडी पूर्ण नवी केली आणि तरीही ती मूळचीच आहे, हे दोन्ही दावे एकाच दमात कसे करता येतात?

आधी गॅरेजमध्ये काय होते ते पाहावे. बंद गाडीला छपराचा आधार असतो, उघड्या गाडीला तो नसतो. म्हणून बेल एअरच्या कन्व्हर्टिबलला कंपनीने खालून इंग्रजी एक्सच्या आकाराची जादा फ्रेम दिली होती. पण वरचे कापड झिरपू लागले की पाणी नेमके खाली उतरते आणि फ्लोअरचा पत्रा सर्वांत आधी सडतो. मग बॉडी चेसिसवरून उचलायची, गंजलेला पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा, घासायचे, पुट्टी, प्रायमर, रंग. इंजिनचा ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवायचे. रिंगा नव्या, बेअरिंग नवी, गॅस्केट नवे, वायरिंग नवे. क्रोमचे भाग पुन्हा प्लेटिंगला, सीटचे रेक्झिन नवे, टपाचे कापड नवे, टप उघडणारा पंप नवा. टायर तर केव्हाच चार-पाच वेळा बदललेले. मिस्त्री हात पुसत बाजूला होतो तेव्हा १९५७ सालचे नेमके काय उरलेले असते? चेसिस, ब्लॉकचे ओतीव लोखंड, दाराच्या खांबावरची क्रमांकाची पट्टी आणि नशीब असेल तर डॅशबोर्ड.

तेही नसले तरी अडत नाही. अमेरिकेत १९५५ ते १९५७ च्या शेवरोलेच्या बॉड्या आज कोऱ्या पत्र्यातून नव्याने दाबून काढल्या जातात, कन्व्हर्टिबलसुद्धा. पैसे असतील तर १९५७ चा एकही खिळा नसलेली १९५७ ची बेल एअर उभी करता येते.

आता ‘इंजिन ओरिजिनल’ या दाव्याकडे वळू. जुन्या गाड्यांचे शौकीन गाडीचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक जुळतो का ते बघतात, आणि जुळला तर भाव चढतो. गंमत अशी की १९५७ च्या शेवरोलेच्या इंजिनावर गाडीचा क्रमांक ठोकलेलाच नसतो. उजव्या बाजूच्या सिलिंडरांच्या पुढच्या टोकाला, वॉटर पंपाजवळ, एक छोटी सपाट जागा असते. तिथे कारखान्याची खूण, तारखेचे आकडे आणि इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरे असतात. हे इंजिन याच गाडीत जन्मले असे त्यावरून कुणी शपथेवर सांगू शकत नाही. फार तर म्हणता येते की तारीख आणि प्रकार जुळतात, म्हणजे हे तेच असू शकते. जाहिरातीतला हा दावा म्हणजे पुराव्याची गोष्ट कमी आणि श्रद्धेची जास्त.

अशा गाड्यांना सर्रास लावल्या जाणाऱ्या ‘अमेरिकन’ या विशेषणाचीही थोडी झडती घ्यायला हरकत नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईच्या शिवडीला कारखाना काढला. खोक्यांतून आलेले भाग तिथे जोडून शेवरोले गाड्या बाहेर पडत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याला डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जुळवल्या. ते हात मुंबईचे होते, घामही मुंबईचाच, तरी गाडी अमेरिकनच म्हणवली गेली. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये इथला गाशा गुंडाळला. म्हणजे जाहिरातीतली १९५७ ची बेल एअर जहाजातून अख्खीच उतरली असणार. तिच्यावर लिहिलेले मूळ गाव तरी खरे मानायला जागा आहे.

या सगळ्याचा धर्माशी आणि तत्त्वज्ञानाशी काय संबंध, असे वाचक विचारील. संबंध थेट आहे, आणि तो मराठवाड्यातूनच जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याचे नाव मिलिंद महाविद्यालय झाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. नांदेड, लातूर, परभणीकडची कितीतरी गरीब घरांतली मुले तिथे पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढली. ही दोन्ही नावे ज्या संवादातून आली, त्याचा आरंभच एका वाहनापासून होतो.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर, पाली ग्रंथातला मिलिंद, भिक्खू नागसेनाला भेटायला येतो. नागसेन म्हणतो, नागसेन हे केवळ नाव आहे, त्यामागे कुणी वेगळा ‘मी’ नाही. राजा चकित होतो. मग नागसेन उलट विचारतो, महाराज पायी आले की रथातून? रथातून आलो, असे राजा सांगतो. मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? सांगाडा, जू, लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. हे सगळे भाग एकत्र म्हणजे रथ का? त्यालाही तो नाही म्हणतो. यांच्याशिवाय कुठे वेगळा रथ आहे का? तोही नाही. शेवटी राजा स्वतःच्या तोंडाने कबूल करतो की या भागांच्या आधाराने आपण व्यवहारात ‘रथ’ हे नाव ठेवतो, इतकेच. नागसेन म्हणतो, माणसाचेही असेच आहे.

जुनी गाडी रिस्टोअर करणाऱ्याला हा संवाद एकदा वाचून दाखवावा. त्याला तो तत्त्वज्ञानाचा न वाटता आपल्या गॅरेजचाच वाटेल.

नागसेनाचे उत्तर सगळ्यांना पटले नाही. न्याय-वैशेषिक मताचे लोक म्हणाले, धाग्यांपासून वस्त्र झाले की वस्त्र ही धाग्यांहून वेगळी, खरीखुरी वस्तू असते. तिला त्यांनी अवयवी म्हटले. पण या मताची किंमत त्यांना प्रामाणिकपणे मोजावी लागली. वस्त्रातला एक धागा काढला की जुने वस्त्र नष्ट झाले आणि नवे उत्पन्न झाले, असे त्यांना मानावे लागले. हा हिशेब लावला तर गॅरेजात एक नट बदलला की जुनी गाडी मेली आणि दुसरी जन्मली. आरटीओच्या कारकुनाला हे कुणी सांगू नये.

आरटीओचे स्वतःचे तत्त्वज्ञान आहे आणि ते गीतेच्या वाटेने जाते, असे म्हणायला हरकत नाही. गीतेत देह म्हणजे वस्त्र, जुने टाकायचे आणि नवे घ्यायचे, आतला देही तोच. मग गाडीचा देही कोण? रस्त्यावरच्या माणसाला विचारले तर तो इंजिन म्हणेल, कारण जीव तिथे आहे. कागदपत्रे वेगळेच सांगतात. आरसी बुकात इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक दोन्ही असतात. इंजिन बदलले तर परवानगी घेऊन, रीतसर नोंद करून काम भागते. चेसिस बदलली म्हणजे मात्र मामला वेगळ्याच पातळीवर जातो. नांदेडची एमएच २६ असो वा लातूरची एमएच २४, शासनाच्या लेखी गाडीचा आत्मा चेसिसच्या एका कोपऱ्यात ठोकलेल्या आकड्यांत असतो. गंजाने तो पुसट झाला तर आत्म्याचे काय, याची चर्चा तिथल्या खिडकीवर रोज होते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी नवी तरतूद केली, तेव्हा हा तात्त्विक प्रश्न थेट राजपत्रात आला. पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. पण अट अशी की ती मूळ रूपात राखलेली हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, नोंदणी दहा वर्षांची, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

म्हणजे लग्नाच्या वरातीला भाड्याने देण्यासाठी ती गाडी उपयोगाची नाही. वरातीत दिसणाऱ्या ‘व्हिंटेज’ गाड्या बहुतेक जुन्या जीपच्या किंवा ॲम्बेसेडरच्या चेसिसवर फायबरची किंवा पत्र्याची बॉडी चढवून बनवलेल्या असतात. नवरदेवाला आणि बँडवाल्याला ते ठाऊक असते, वऱ्हाडालाही असते. त्यामुळे तिथे कुणी फसत नाही, हे या वादात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बदललेली गाडी मूळचीच म्हणायची का, नेमका हाच प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयापुढे आला होता. गाडी अमेरिकन नव्हती, बेंटली होती. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी ही स्पीड सिक्स बेंटली १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे शर्यतींसाठी तिचे एकेक अंग बदलत गेले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. पुन्हा बांधणी, पुन्हा बदल. साठ वर्षांनी एका कंपनीने ती एक कोटी पौंडांना घ्यायचे ठरवले आणि मग हात आखडता घेतला. म्हणणे असे, की १९३० ची गाडी यात उरलीच कुठे? न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. ही गाडी मूळ स्वरूपातली म्हणता येणार नाही, पण अस्सल म्हणता येईल, असे त्यांचे मत. कारण तिच्या आयुष्यात असा एकही क्षण नव्हता जेव्हा ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी दुसरीच उभी राहिली. ती सतत बदलत होती आणि सतत तीच होती.

म्हणजे कोटी पौंडांची ही अस्सल गाडी भारतात असती, तर २०२१ च्या नियमाप्रमाणे तिला व्हिंटेजची पाटी मिळाली नसती. सरकार वस्तू जुनी आहे का हे पाहते. न्यायमूर्तींनी तिची कहाणी तुटली आहे का, हे पाहिले. या दोहोंत न्यायमूर्तींची दृष्टी अधिक खोल वाटते, आणि मराठवाड्यातल्या माणसाला ती परकी वाटायचे कारण नाही.

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबपाशी उभे राहिले की हे कळायला वेळ लागत नाही. १७०८ च्या ऑक्टोबरमध्ये गुरू गोबिंदसिंगजींनी इथे देह ठेवण्यापूर्वी गुरुपद ग्रंथाला दिले. शीख परंपरा मानते की दहा गुरूंचे देह दहा, पण ज्योत एक. तीच पुढे ग्रंथात. आज छापलेल्या गुरू ग्रंथ साहिबची प्रत १४३० पानांची असते आणि तिला सरूप म्हणतात. गोदाकाठच्या तख्तावरचे असो वा एखाद्या खेड्यातल्या गुरुद्वाऱ्यातले, कुठलेही विधिवत प्रतिष्ठित सरूप गुरूच असते. कागद नवा, शाई नवी, बांधणी नवी, तरी गुरू नवा नाही. सरूप जीर्ण झाले तर ते रद्दीत जात नाही, त्याला मानाने अग्निसंस्कार दिला जातो. ग्रंथाच्या एखाद्या जुन्या हस्तलिखिताला इतिहासाच्या दृष्टीने मोल आहेच. पण आज छापून आलेल्या सरूपापुढे मस्तक टेकवताना कुणी ही दुय्यम प्रत आहे असे म्हणत नाही. कारण कुणी, कधी, कुणाला गुरुपद दिले, हे सगळ्यांच्या समक्ष घडले आणि सगळ्यांच्या स्मरणात आहे.

घरच्या देवघरातही हेच चालते. तुळजाभवानीचा किंवा खंडोबाचा चांदीचा टाक तीन-चार पिढ्यांच्या हळद-कुंकवाने आणि रोजच्या पुसण्याने इतका झिजतो की नाक-डोळे सपाट होतात. मग कुणीतरी वडीलधारी सांगतात, देव उजळून आणा. सोनाराकडे नवा टाक घडतो, तो तुळजापूरला किंवा जेजुरीला भेटवून आणतात, आणि कुळाचा देव पुन्हा ताम्हनात बसतो. आजीच्या हातची पूजा घेतलेला देव हाच का, असे घरात कुणी विचारत नाही.

देवळांसाठी तर शास्त्रात जीर्णोद्धाराचे स्वतंत्र विधी आहेत. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री पाध्ये यांच्या ‘धर्मसिंधू’नेही, अठराव्या शतकाच्या अखेरीस, हा विषय घेतला. जुन्या मूर्तीतले देवत्व विधीने कलशातल्या पाण्यात उतरवायचे, डागडुजी होईपर्यंत तिथे ठेवायचे, मग नव्या मूर्तीत प्रतिष्ठा करायची. नांदेडपासून फार दूर नसलेल्या औंढा नागनाथला गेलेला माणूस हे डोळ्यांनी पाहू शकतो. खालचा भाग कोरीव काळ्या दगडाचा, वर नंतरच्या काळातले पांढरे बांधकाम. या जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. जुने आणि नवे यांमधली रेघ कुणी लपवलेली नाही, आवारातून चालतानाही ती दिसते. तरी ते एकच देऊळ आहे.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंप झाला आणि दगडमातीच्या माळवदांखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. शेते होती तिथेच राहिली, घरे मात्र सरळ रस्त्यांच्या आखीव वसाहतींत गेली. घरे दुसरी, जमीन दुसरी, गल्ल्या दुसऱ्या, शेजारीही कधी कधी दुसरे. तरी एसटीच्या पाटीवर नाव किल्लारीच राहिले आणि ते खोटे आहे असे कुणाला वाटले नाही. जुने गावठाण कुठे होते ते लहान मुलालाही ठाऊक असते.

टाक, देऊळ, ग्रंथ, गाव, या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. बदल उघडपणे झाला. धार्मिक कृत्याच्या आरंभी संकल्प सोडताना देशाचा, काळाचा, करणाऱ्याच्या नावा-गोत्राचा उच्चार करायचा असतो, काय करतो आहे ते मोठ्याने सांगायचे असते. गाडीच्या जीर्णोद्धाराची डायरी म्हणजे हाच संकल्प: केव्हा काय काढले, काय घातले, कोणी घातले. तो उच्चार असेल तर नव्या पत्र्याची बेल एअरसुद्धा बेल एअरच्या घराण्यातली आहे. तो नसेल, आणि एखादी कोरी बॉडी कुठल्यातरी जुन्या गाडीच्या क्रमांकाच्या पट्टीवर चढवून ‘ओरिजिनल’ म्हणून विकली असेल, तर ती मूर्तीची अदलाबदल झाली. नागसेन बरोबर आहे, भागांपलीकडे रथ नावाची वस्तू सापडत नाही. पण रथाविषयी खोटे बोलता येते, हे नागसेनालाही अमान्य झाले नसते. बौद्धांच्या पंचशीलात खोटे न बोलण्याचे शील आहेच.

म्हणून हा प्रश्न वस्तूच्या सत्याचा जितका वाटतो तितका नाही. तो बोलणाऱ्याच्या सत्याचा आहे. विकणाऱ्याने गाडी मूळची आहे की नाही याचा तात्त्विक निकाल लावू नये, तो त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्याने काय बदलले ते सांगावे. एवढ्यावर ग्राहक आपला निकाल आपण लावेल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, लातूरच्या गॅरेजांत पाने, जॅक आणि वेल्डिंग मशीन यांना झेंडूच्या माळा घालतात. दुसऱ्या दिवशी गाड्यांसमोर नारळ फुटतो. तिथे कुणी गाडीचे साल विचारत नाही, ते ठीकच आहे. पूजा हत्याराची असते, जाहिरातीची नसते.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. रोज पाइपने धुवाव्या लागणाऱ्या चकचकीत उघड्या गाडीची या भागात किती शोभा, याचाही विचार घेणाऱ्याने करायला हरकत नाही. कोरड्या फडक्याने पुसली तरी ती गाडी गाडीच राहते.

तरी कुणी घ्यायला निघालाच, तर त्याने रंगावर हात फिरवण्याआधी रंगाखालचे फोटो मागावेत: पत्रा कापताना, वेल्ड करताना, प्रायमर मारताना काढलेले. चेसिसचा क्रमांक स्वतः कंदिलासारखा दिवा धरून वाचावा आणि आरसी बुकाशी ताडून पाहावा. इंजिनाच्या सपाट जागेवरची अक्षरे कागदावर पेन्सिलीने घासून उतरवून घ्यावीत. तिथे ताजी घासणी किंवा वेगळ्या वळणाचे आकडे दिसले तर सौदा थांबवावा. काढलेले जुने भाग कुठे गेले ते विचारावे. आणि विकणाऱ्यांना विनंती एवढीच, की गाडीतून निघालेला जुना पत्रा, जुना कार्ब्युरेटर, टपाचे फाटके कापड भंगारवाल्याला किलोवर देऊ नये. एका खोक्यात भरून, बदलांच्या यादीसह, ते गाडीबरोबरच द्यावे.